झाकली मूठ

मेथडिस्ट चर्चच्या तळघरात घडीचं टेबल, तीन खुर्च्या.
भिंतीवर पोरांनी रंगवलेली नोहाची नौका,
जिराफाची मान कागदाबाहेर गेलेली.
सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
आता चाळीस तासांचं प्रशिक्षण घेऊन
लोकांची भांडणं कोर्टाबाहेर मिटवतो.
काम तसं तेच:
मागे आरडाओरडा, नजर रस्त्यावर.

ओलीथा स्टिल्टनरनं पिशवीतून बरणी काढली,
लोणच्याची, धुतलेली. आत तिच्या विहिरीचं पाणी.
हलवलं की राखाडी दूध,
ठेवलं की तळाशी बोटभर दगडाचं पीठ.
समोर पेनिक स्टोन कंपनीचा वकील, ब्राइस हॅलम.
माझ्याच बसमधला. दुसऱ्या सीटवर बसायचा,
डोंगराच्या वळणावर उलटी व्हायची त्याला.
तो बरणीकडे बघत नव्हता.

कोर्टात का गेली नाहीस, हे मी तिला विचारलं नाही.
शहाण्यानं चढू नये ती पायरी,
हे वेस्ट व्हर्जिनियातही ठाऊक आहे.
शिवाय आमच्या कोर्टाची पायरी पेनिकच्याच दगडाची.
वर न्यायाधीश कोल्व्हर्ड,
गेल्या मे महिन्यात मतांनी निवडून आलेले.
त्यांच्या नावाच्या पाट्या दारोदार होत्या.
ओलीथाच्या परसात त्या पाट्यांच्या काठ्यांवर
आता घेवडा चढलाय.

ब्राइस म्हणाला, नऊ हजार डॉलर, नवी बोअर कंपनी मारून देईल.
अट एकच, रक्कम कुणाला सांगायची नाही.

तिनं चष्मा लावला.
पेन्सिलनं उतरवून आणलेला कागद उलगडला:
पेनिक, पेनिकची बायको, मेहुणा,
तीन फोरमन, फोरमनच्या बायका,
चौदा नावं, एकच तारीख.
खाली रेघ. रेघेखाली अडतीस हजार चारशे.
"एवढे द्या."

"अगं मावशी, विहिरीला एवढे लागत नाहीत."

"विहिरीला नाहीच लागत.
माझ्याविरुद्धचं पारडं एवढ्यानं खाली गेलंय.
माझ्या बाजूला तेवढंच वजन ठेवा,
मग म्हणशील तर वर जाऊ, कोल्व्हर्डसमोर."

ब्राइस जिन्याखाली जाऊन वीस मिनिटं फोनवर बोलला.
आम्ही दोघांनी करपलेली कॉफी प्यायली.
तिनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

तो परत आला. म्हणाला, ठीक. पण गुप्त.

"गुप्तच की," ती म्हणाली, "मी कशाला सांगू?
कुणी विचारलंच तर म्हणेन,
क्लार्कच्या खिडकीवर निळं रजिस्टर माग,
पान एकशे बारा, चौदा नावांची बेरीज कर.
ते वाचायला तर बंदी नाही?"

झाकली मूठ. सव्वा लाखाची नाही,
अडतीस हजार चारशेची.
ब्राइस हसला, बसमध्ये हसायचा तसा,
मग कंपनीची आठवण आल्यासारखा थांबला,
आणि सही केली.
जाताना बरणी टेबलावरच राहिली.
मी ती सिंकमध्ये ओतली नाही,
का, ते ठाऊक नाही.

मंगळवारी मी क्लार्कच्या खिडकीवर गेलो.
निळं रजिस्टर. पान एकशे बारा. चौदा नावं.
त्यांच्या खाली, वेगळ्या शाईत, पंधरावं:
माझं. पंचवीस डॉलर.

मार्च महिना, अग्निशमन केंद्रात स्पॅगेटीचं जेवण, बाहेर बर्फ.
कोल्व्हर्ड स्वतः वाढत होते.
माझ्या ताटात एक गोळा जास्त टाकून
त्यांनीही गुडघ्याची चौकशी केली होती.
मला किती बरं वाटलं होतं.

पंचवीस डॉलरचं वजन किती, धरत उभा राहिलो.
मागे रांग होती.
दहाच्या ठोक्याला खाणीत सुरुंग उडाला,
खिडकीची काच थरथरली,
आणि क्लार्क, मान वर न करता, म्हणाली,
"झालं का तुमचं?"