बल्ब मंदावतो तेव्हा

बल्ब मंदावला की गुलबेगीम उठते.
जरासा पिवळा पडला,
तर कालव्याच्या जाळीत पॉपलरची पानं अडकलीत.
थरथरला, तर पाण्यात बर्फाचा चुरा.
एकदम गेला,
तर वर कुणाची तरी मेंढी पडलीय
आणि टॉर्चसोबत सुरीही न्यायची.

पामीरच्या या घळीत
नदी तिच्या घरातून दिसत नाही.
पण दूध-चहात मीठ टाकताटाकता
तिला नदीची सगळी खबर असते.

कालवा डोंगराच्या कडेकडेने येतो, आडवा,
आपली उंची जपत, कंजुषासारखा.
मग पाइपात शिरतो
आणि साठ मीटर, एका दमात, सगळी उधळून टाकतो.
खाली लोखंडी वाट्यांचं चाक.
एक वाटी थप्पड खाते, सरकते,
तोवर दुसरीने गाल पुढे केलेला.
बाकी सगळं तांब्याच्या तारांचं काम,
ते नझरशोने तिला दोनदा समजावलं होतं.
तिसऱ्यांदा समजवायच्या आधी तो मॉस्कोला गेला,
परक्या न्हाणीघरांत फरशा बसवायला.

इथेच पूर्वी सासऱ्याची पाणचक्की होती.
तिचा दगड आता
यंत्रघराची पायरी आहे,
आणि त्यावर पाय देताना
ती अजून चप्पल काढते.

तेवीस घरं. घरागणिक दोन बल्ब, एक फोन.
कुणी इस्त्री लावली
की सारा गाव डोळे मिचकावतो,
आणि सगळ्यांना कळतं,
ओदिनामोच्या मुलीला बघायला येतायत.

आज जानेवारी. रात्रीचे दोन.
थरथर, मग पिवळा, मग विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.
ती पहार घेऊन वर चढली.
रेंज वर कालव्यापाशीच येते.
तिसऱ्या घावाला फोन वाजला.

"कसला आवाज?"
"बर्फ."
"इथे दिवे कधी लुकलुकतच नाहीत," तो म्हणाला,
"कुठल्या नदीचे आहेत, कुणालाच माहीत नाही."
ती घाव घालत राहिली. फोन खांद्यात, कानाशी.
बर्फाचा पापुद्रा मोडला,
पाणी पुढे गेलं,
मागे वळून न बघता.

"आला का उजेड?"
"थांब, मोजते."
खाली एकेक खिडकी
लाल, पिवळी, मग पांढरी.
"बावीस."
"बावीस? एक कुणाचं राहिलं?"

"आपलं.
निघताना बंद करून आले."