एकाच ताग्यातून

पारामारिबोत, कायझरस्ट्राटवर,
मशीद आणि सिनेगॉग यांच्यामध्ये एक कुंपण आहे,
माझ्या कमरेएवढं. मोजलं नाही कधी,
पण शिंपिणीच्या डोळ्याला सवय असते.
शुक्रवारी नमाजाला आलेल्या गाड्या
यहुद्यांच्या अंगणात लागतात.
पाहुणे फोटो काढून नेतात.

माझं दुकान तिथून दोन गल्ल्या मागे.
पडद्याआड सगळ्या देवांच्या बायका
हात पसरून उभ्या राहतात माझ्यासमोर.
डोमिनेची बायको म्हणते, गळा वर घे.
जावानी हज्जिन म्हणते, बाही मनगटाखाली.
पंडिताची सून म्हणते,
पोट दिसलं तर दिसू दे, पदर मात्र डोक्यावर राहायला हवा.
ज्याचा त्याचा देव
वेगळ्या जागी लाजतो.

मिसी एर्नस्टीना आली ती तागा खांद्यावर घेऊन,
निळ्यावर पांढरी मिरचीची फुलं.
"दोन कोतो शिव. एक माझा, एक ओल्गाचा."
इथे शेंबड्या पोरालाही कळतं
एका कापडाचे दोन कोतो म्हणजे काय.
त्याला माती म्हणतात.
आमच्या बोलीत ऐकलं तर शेत आठवेल,
त्यांच्या बोलीत मैत्रीण,
आणि मैत्रिणीहून बरंच काही.

ती गेल्यावर दुकान बोलू लागलं.
ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, डोमिनेची बायको म्हणाली.
तौबा, हज्जिन म्हणाली,
आणि कापडाचा भाव विचारला.
पंडिताच्या सुनेनं मागच्या जन्माचा हिशेब काढला:
नवरा-बायको असतील, काही देणं राहिलं असेल.
एर्नस्टीनाची आत्या कोपऱ्यात बटणं निवडत होती.
"तिच्या अंगात वारं आहे," ती म्हणाली,
"रानातलं, पुरुषाचं.
त्याला दुसरा पुरुष खपत नाही."
आणि चारही जणी थोड्या निवांत झाल्या,
कारण वाऱ्याला कोण जाब विचारणार?

मी बोलले नाही.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

ज्या गावात एकाला वर्ज्य असलेला घास
दुसऱ्याच्या सणाचा असतो,
तिथे कोणाच्या टोपात डोकवायचं नसतं.
शेजारधर्म म्हणतात त्याला.
बाकीचे धर्म मी आई सांगेल तसे पाळले,
हा एक मनापासून.

मग बहिणीच्या राजीननं हॉल घेतला भाड्यानं.
तो आणि इमानुएल, सोबतीला पाच वर्षं झाली म्हणून
चाळीस माणसं, केक, थोडं नाचणं.
चंद्र कधी दिसला यावर ज्यांचं आपसांत जमत नाही,
ईस्टर आणि फगवा एका आठवड्यात आले
की भोंग्यावरून जे भांडतात,
त्यांनी एका संध्याकाळी, एका टेबलावर,
एकाच पत्रावर सह्या केल्या.
एकमेकांना चहासुद्धा पाजला म्हणे.
अनामत परत आली पाकिटातून,
दोन नोटा कमी.
राजीन आता रॉटरडॅमला असतो. थंडीबद्दल लिहितो.

बायकांबद्दल तसलं पत्र कधी निघालं नाही.
बायकांना इथे कोणी मोजतच नाही,
मी सोडून.

कोतो न्यायला दोघी आल्या.
पत्राचं त्यांच्या कानावर होतंच.
एर्नस्टीना म्हणाली, रुमालाला खळ जास्त घाल.
आरशासमोर ओल्गानं तिच्या डोक्यावर तो बांधला,
मागे तीन टोकं, ताठ.
त्या घडीला एक नाव आहे: बोलू देत त्यांना.
मग दोघी निघाल्या. हज्जिनच्या दारावरून,
पंडिताच्या दारावरून, चर्चच्या पायरीसमोरून,
जिथून जायची गरज नव्हती
तिथूनसुद्धा.

संध्याकाळी मी टाचण्या काढल्या, एकेक,
जिभेला लोखंडाची चव.
ताग्यातलं उरलं होतं वार-दीड वार.
कोणी परत मागितलं नाही.
एवढ्यात एक ब्लाउज बसेल, लहान चणीचा.
कोपऱ्यावर बावीस वर्षं बामी विकणारी सुकीनेम
रोज दुपारी मला डबा देते,
वरून हिरवी मिरची, न मागता.
तिचं माप मी कधी घेतलेलं नाही.

मला ते पाठ आहे.