पेपेलाने खाल्लेली वही

तिसऱ्या दिवशी मठातल्या शेळीने
माझी वही खाल्ली.

निळ्या पुठ्ठ्याची, चौकटीच्या कागदाची.
रुस्तावीच्या सिमेंट कारखान्यात
एकतीस वर्षं हिशेब लिहिले;
निवृत्तीनंतर हात थांबेना,
म्हणून स्वतःचा लिहायला घेतला.
डावीकडे चुका, उजवीकडे भरपाई,
तळाशी लाल शाईत बाकी.
राग : तीन वेळा.
खोटं : एकदा, बाजारात, अक्रोडांच्या भावावरून.
प्रार्थना : चाळीस.
पैकी मन लावून : अकरा.
गुरामशी अबोला : वर्ष सातवं.
बाकी पुढच्या पानावर ओढली.

डोंगरात आले ती ही वही छातीशी धरून.
मार्श्रुत्का घाटात तीनदा बंद पडली,
तिन्ही वेळा वैतागले, तिन्ही वेळा नोंद केली.
वाटलं होतं, मदर सिदोनिया चष्मा पुसून
एकेक पान वाचेल,
म्हणेल, केवढं हे ओझं बाई,
आणि काहीतरी कडक व्रत देईल.
तिने विचारलं, धार काढता येते?
नाही म्हटलं.
मग पेपेला शिकवेल, म्हणाली, आणि बीट चिरत राहिली.

पेपेला म्हणजे आमच्याकडे फुलपाखरू.
हे फुलपाखरू गोठ्याच्या दारात अडकतं,
ढेकर देतं,
आणि ईस्टरआधीच्या उपासात
अख्खा मठ दुधाकडे पाठ फिरवून बसलेला असताना
बादलीभर दूध देतं, वर रागाने बघतं.

मी वही कुंपणावर ठेवली, खाली बसले.
मी तिची कास चाचपत होते,
ती माझी पापं चावत होती.
कळलं तेव्हा मार्च संपून
फेब्रुवारीला तोंड लागलं होतं.

धावले. बर्फ वितळून झालेला चिखल,
एक बूट तिथेच रुतला, डोक्यावरचा रुमाल काटेरी झुडपात.
पुढे शेळी, तिच्या ओठातून लोंबणारी लाल बाकी,
मागे मी, बासष्ट वर्षांची, एका मोज्यावर.
सिस्टर फेव्रोनिया घंटेचा दोर सोडून बघत राहिली,
त्या दिवशी दुपारचे बाराऐवजी नऊच वाजले.
मदर सिदोनिया पळी घेऊन पायरीवर आली.
शाई किती होती गं त्यात?
लालच जास्त, मी धापा टाकत म्हणाले.
मग जुलाब होणार तिला, ती म्हणाली.
रात्री तूच बस तिच्याजवळ.

तेव्हा पोटातून काहीतरी वर आलं.
मला वाटलं रडू, नेहमी तेच येतं.
तोंडाशी आलं तेव्हा ओळखू येईना,
इतक्या वर्षांनी दारात उभा राहिलेला
नातलग असावा तसं.
चिखलात बसले आणि हसले,
बरगड्या दुखेपर्यंत.
आणि कुठून कोण जाणे, आठवला गुराम :
सहा वर्षांचा, नाकात राजम्याचा दाणा घालून
दवाखान्याच्या रस्त्यावर,
मला म्हणतोय, हसू नकोस, आत जातोय तो.

वहीचा एक कोपरा हाती लागला.
माझंच वळणदार अक्षर :
"आज मी पुन्हा"
आणि पुढे दातांची नक्षी.

संध्याकाळच्या प्रार्थनेत मेणबत्त्या,
भिंतीवर काजळलेले संत, सगळे गंभीर.
सिस्टर फेव्रोनियाने माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही नाही पाहिलं.
तिचे खांदे हलले.
माझ्या हातातली ज्योत थरथरली, मेण बोटावर सांडलं.
मोजली का प्रार्थना? नाही.
आठवण झाली तेव्हा ती संपली होती.

रात्र गोठ्यात काढली. पेपेलाला काही झालं नाही,
गाढ झोपली, घोरलीसुद्धा.
पहाटे तिने माझ्या खिशाचा वास घेतला.
तो कोपरा तिथेच होता.
मी आधी खिसा दाबून धरला.

मग फोन काढला. उतारावर चढून गेलं
की एखादी काडी रेंज मिळते, म्हणतात.
एका बुटावर निघाले.