चुलव्या

तीन कोटेशनं, गवती चहा, आणि समितीचा एकच प्रश्न :
"दिसतं कसं ते?"
मुल्लाणींनी लॅपटॉप फिरवला.
काळा पडदा, लुकलुकता कर्सर.
बेनाडीकर शेठ म्हणाले, "बिघडलंय व्हय?"

विंडोजवाल्यानं कोअर मोजून दर लावलाय,
हे मी बोललो नाही.
पाडव्याच्या सौद्यात मधेच अपडेट घेत बसलं
आणि शाहूपुरीत बाराशे रवे
वजनाची नोंद नसल्यानं ओट्यावर पाझरत राहिले,
हे त्यांना पाठच होतं.

मला कल्लाप्पा आठवला,
आमच्या गुऱ्हाळावरचा चुलव्या.
माणसं काहिलीभोवती जमायची,
गुळव्याचं नाव घ्यायची.
हा खाली चुलवाणापाशी,
चिपाडं सारत,
वरच्या उकळीचा नुसता आवाज ऐकत.
जाळ कधी ओढायचा, त्याला सांगावं लागलं नाही.

"शेठ, हे दिसायचं नाहीच," एवढंच म्हटलं.
चार विरुद्ध तीन. मंजूर.

रात्री दुसऱ्या मजल्यावर,
पुराच्या रेघेच्या वर,
डेबियन चढवलं.
मशीनला नाव काय, त्यानं विचारलं.
टाकलं : कल्लाप्पा.

आज दोनशे अकरावा दिवस.
एकदाही बंद नाही.
शेठ जाता-येता डोकावतात,
"पडदा अजून काळाच का रं?"