अंगठा लागत नाही

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात यंत्र म्हणालं, नाही.
डावा अंगठा. नाही. पुन्हा. नाही.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, केसांवरून फिरवा,
थोडं तेल लागू द्या बोटाला.
म्हटलं, केसांना तेल लावून अठ्ठावीस वर्षं झाली.
ती हसली नाही. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

उट्रेख्तच्या थंडीनं झिजल्या असतील रेषा,
की गोदामातले पुठ्ठे उघडून उघडून,
की भांड्यांच्या साबणानं. कोणाला माहीत.
पाचव्या खेपेला अंगठा जिभेवर ओला केला,
शाळेत पाटी पुसायला करायचे तसा,
आणि एरंडवण्यातला फ्लॅट, दुसरा मजला,
सहाशे चाळीस चौरस फूट,
शितोळे नवराबायकोचा झाला.
त्यांची लेक मघापासून काचेवर बोटानं मांजर काढत होती.

बाहेर रणपिसे एजंट म्हणाले,
बरं आहे मॅडम, भावनेवर स्टँप ड्यूटी नाही.
आणि पावती नीट घडी करून माझ्या हातात दिली.

ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून
आईच्या पेन्सिलीतल्या तारखा:
सिलिंडर लावला ४ जुलै. लावला २९ ऑगस्ट.
एकाखाली एक, काही ठिकाणी खोडून,
एका तारखेपुढे नुसतंच, लवकर संपला, पाहुणे.
शेवटची १९ फेब्रुवारी.
तो सिलिंडर तिच्यानंतरही बरेच दिवस पुरला असणार.
शितोळ्यांना मॉड्युलर किचन करायचं आहे.
मी दार हलकेच लावलं. ते नेहमीसारखंच परत उघडलं.

जिन्याखाली माझी सायकल.
वॉचमन म्हणाला, कुणाची आहे कळेना, भंगारात देऊ का?
उट्रेख्तमध्ये मी रोज सायकल चालवते,
वळताना हात लांब करून दाखवते,
शेजारची योहाना म्हणते, किती शिस्त गं तुला.
तिला काय सांगणार,
हा हात कर्वे रोडवर शिकलेला आहे,
त्याचा मूळ अर्थ, ए, थांब ना, दिसत नाही का.
दे, म्हटलं. भंगारात दे.
मग उगाच घंटी वाजवून पाहिली.
गंजलेली. आत काहीतरी खरखरलं.

ढमढेरे काकांनी तिसऱ्यांदा विचारलं, परत कधी?
मी तिसऱ्यांदा सांगितलं, रविवारी पहाटे.
त्यांनी कुठलं परत विचारलं होतं
ते माझ्या जिना उतरल्यावर लक्षात आलं.
तोवर त्यांनी दार लावून घेतलं होतं,
साखळीसकट.

ठरवलं होतं, संध्याकाळी वेताळ टेकडीवर जायचं,
वरून एकदा सगळं शहर बघायचं,
काहीतरी वाटू द्यायचं.
पहिला रिक्षावाला नाही म्हणाला.
दुसऱ्यानं मान हलवायचेही कष्ट घेतले नाहीत.
तिसऱ्याला मी विचारलंच नाही.

चालत निघाले. नळस्टॉपला रस्ता ओलांडताना
तिकडच्या सवयीनं आधी डावीकडे पाहिलं,
आणि उजवीकडून एक स्कूटर
साडीच्या निऱ्यांपाशी येऊन किंचाळत थांबली.
तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे,
वीस-बावीसची असेल.
काकू, घरी सांगून आलात का?

आणि गेलीसुद्धा, सिग्नल सुटायच्या आत.
डोक्यावरून मेट्रो गेली.
अठ्ठावीस वर्षांत माझ्यावर असं
इतक्या जवळून कोणी ओरडलं नव्हतं.
दुभाजकाला धरून उभी राहिले,
पर्समध्ये पासपोर्ट, पावती, सुटे पैसे,
किल्लीच्या कप्प्यात काही नाही.

नाही गं, म्हटलं तिच्या पाठीला,
ती केव्हाच म्हात्रे पुलाच्या अंगाला वळली होती.
नाही सांगितलं.

मग उजवीकडे पाहिलं. आणि ओलांडला.