दोनशे नऊ व्होल्ट

निमिष खासगीवाले दोन अँप घेऊन आला,
रिक्षानं, दोन खेपांत,
मांडीवर तान्हं धरावं तसं एकेक धरून.
एक काळा, एक तांबडा.
"काकू, आवाजात चिखल आहे.
चिखल काढा. दात बसवा."

सव्वीस वर्षं मी ट्रान्समीटरशेजारी काढली.
गुडघ्याएवढे व्हॉल्व्ह पाहिले, पाण्यानं थंड ठेवायचे,
त्यांना दात असावेत असं कुणी म्हणालं नाही.
आवाज फाटू नये, एवढ्याचाच आम्हाला पगार होता.
हा मुलगा म्हणतो, फाडा.
पण कुत्र्यानं फाडल्यासारखा नको,
शिंप्यासारखा, धाग्याच्या रेषेत.

रामबागेत, माझ्या मागच्या खोलीत
चासी पालथी घातली.
आधी आत साठलेला करंट जमिनीत सोडला,
डावा हात पदरात गुंडाळून पाठीशी.
हा नियम मला ज्यांनी शिकवला
त्या तोमरसाहेबांना डावा अंगठा नव्हता.

मग कॅथोडवरचा बावीसचा काढून पॉइंट सिक्स-एट घातला.
खर्ज आवळला, सैल निऱ्या पुन्हा खोचाव्यात तसा.
तांबड्यात रशियन व्हॉल्व्ह, काळ्यात चिनी,
आणि पहिल्या खाचेत एक जुना,
निवृत्तीच्या दिवशी माझ्या पर्समधून घरी आलेला.
खराट्याच्या काडीनं एकेका सांध्याला टिचक्या मारल्या,
कोण कुरकुरतो ते ऐकलं.
निमिष तळहाताच्या कडेनं तारा दाबून वाजवायचा,
तोच तुकडा, शंभरदा,
ओल्या वाळूत फावडं खुपसल्यासारखा.

सोमवारी काळा जिंकला.
मंगळवारी तांबडा, आणि त्यात तर आम्ही हातही घातला नव्हता.
बुधवारी सकाळी दोघेही बोळकी.
मी डाग पुन्हा दिले, पुन्हा काढले,
बोटाला राळेचा वास मुरला.
तो म्हणाला, कान थकले असतील.
मी म्हटलं, माझे साठीला आलेत, तुझे कशानं थकले?

जुनी सवय, दर नोंदीपुढे वेळ लिहायची.
ट्रान्समीटरवर तासातासाला लिहावी लागे.
वही उलटीकडून वाचली तेव्हा दिसलं:
जिंकणारा कुठलाही असो,
जिंकायचा सहा ते साडेसातच्या आत.

मीटर प्लगमध्ये खुपसला.
सकाळी अकराला दोनशे अडतीस.
संध्याकाळी दोनशे नऊ.
आणि भिंतीपलीकडे, आमच्याच फेजवर,
कैलास मंडलोईची पिठाची गिरणी.

म्हणजे तीन आठवडे आम्ही कपॅसिटर बदलत होतो
आणि दात बसवत होता मंडलोई,
डोक्यावर रुमाल, पापण्यांवर मक्याचं पीठ.

महाराणी रोडवरून डिमरस्टॅट आणला,
काटा दोनशे नऊवर बांधला.
निमिषनं वाजवलं. मान हलवली.
"जवळपास," म्हणाला.
जवळपास हा शब्द मला नोकरीतही आवडायचा नाही.
मग मी डोळे मीटरवर ठेवून बसले.
डिमरस्टॅटचे दोनशे नऊ गप्प उभे राहतात,
गिरणीचे हलतात.
दाणे जात्यात पडले की सुई वाकते,
डबा रिकामा झाला की उठून बसते,
आणि मधल्या त्या वाकण्यात
तार जरा उशिरा मरते.

हे कुठल्या सर्किटमध्ये काढू?

आता शनिवारी सहाला निमिष येतो,
डिमरस्टॅट कपाटावर, त्यावर मनीप्लँटची बाटली.
मंडलोई खिडकीतून ओरडतो,
"बाई, गेहूँ चलेगा कि चना डालूँ?"
निमिष माझ्याकडे बघतो.
मी वही उघडते.

१८.१०. काळा. चणा.
दोनशे सहा, हलते.
दात आहेत.