अकराव्या खणाचं पातं

स्लाउमध्ये, बाथ रोडमागच्या बिनखिडक्यांच्या इमारतीत
रात्री तीनला अकराव्या खणाचा दिवा नारिंगी झाला.

इथे त्याला ब्लेड म्हणतात.
मी मनात पातं म्हणते.
विळीचं म्हणावं, तर धार नाही,
गवताचं म्हणावं, तर वाढत नाही.
उरलं डोळ्याचं,
आणि ते या इमारतीत कुणाचंच मिटत नाही.

मनगटाला अर्थिंगचा पट्टा, चिमटीत खटका,
ओढलं की सुटतं. हातभर लांब.
तीन महिन्यांच्या बाळाएवढं जड,
तसंच दोन्ही हातांवर घ्यावं लागतं.
झाकण सरकवलं:
दोन प्रोसेसर, डोक्यावर ॲल्युमिनियमच्या दाट फण्या,
शेजारी मेमरीच्या पट्ट्या खेटून उभ्या,
पुढे दोन डिस्क.
पंखा नाही. वायर नाही. वीजपुरवठा नाही.
श्वास मागच्या दहा पंख्यांचा,
घास खालच्या सहा पुरवठ्यांचा;
त्यातला एक गेला तर बाकीचे
न बोलता खांदा देतात.

"एकत्र कुटुंब," मी एकदा एमरिसला म्हटलं होतं.
"मग भांडण कशावरून?"
"उष्णतेवरून."
तो इतका हसला की कानातला बोळा पडला.

खणात टॉर्च धरला.
आत मधल्या पाटीवर शेकडो पिना,
आणि एक वाकलेली.
पाटी बदलायची तर सोळाच्या सोळा बाहेर,
म्हणजे कुठल्यातरी बँकेची सकाळ बंद.

एमरिस ओळखपत्रामागे सुई ठेवायचा,
त्याच्या आईची, पॅराशूट शिवायची ती.
श्वास रोखून पीन सरळ करायचा,
नियमात बसत नाही म्हणायचा, आणि करायचा.
जाताना सुई मला दिली.
हात कसा देणार?

एवढ्यात पंखे चवताळले.
खण उघडा राहिला की हवा सोपी वाट धरते,
शेजारचे तापतात.
कपाटातून पोकळ पातं आणलं,
नुसता पत्र्याचा डबा, आत काही नाही.
सरकवलं. खट्.
पंखे हळूहळू उतरले.

नोंदवहीत लिहिलं: खण ११, पीन, पाटी मागवावी.
सुई परत पाकिटात.

साडेपाचला बाहेर आले. पहिली ८१ यायची होती.
कान अजून घोंघावत होते.
ड्यूटीच्या फळ्यावर, गुरुवारसमोर,
फेब्रुवारीपासून
कुणी एमरिसचं नाव पुसलेलं नाही.